गुरुवार पाळणारं पाणी

पाणी बघायला कुणी पिंपरी-चिंचवडला जातं का, असं एसटीत शेजारी बसलेल्या बाईंनी मला विचारलं. माणसं तिकडे नोकरीला जातात, लेकीच्या बाळंतपणाला जातात, लग्नाला जातात. मी सांडपाणी बघायला निघाले होते. तसं सांगितल्यावर बाईंनी आपली पिशवी जरा स्वतःकडे ओढून घेतली.

त्यांना सगळी हकिकत सांगत बसले नाही, ती इथे सांगते. आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या कोरड्या अंगाला. हायवे झाला तेव्हा आमच्या गायरानातला मुरूम खरवडून नेला, आणि लगतच्या सात-आठ जणांच्या पडीक जमिनीतलाही. मागे राहिले खड्डे आणि उघडा खडक. आता एका संस्थेने योजना आणली आहे. तालुक्याच्या गावातलं सांडपाणी आणि नव्या औद्योगिक वसाहतीतलं पाणी शुद्ध करायचं, पाइपाने आमच्या माळावर आणायचं, खड्डे मातीने भरायचे, त्यावर आधी गवत, मग झाडं, मग पिकं घ्यायची. त्यासाठी संमतीपत्रावर सगळ्यांच्या सह्या हव्यात. त्या माळाच्या बरोबर खाली, उताराला, माझी विहीर आहे आणि निम्मी वस्ती तिचंच पाणी पिते. माळावर जे ओताल ते आज ना उद्या माझ्या विहिरीत उतरणार, हे सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही.

संस्थेने असंच काम चाकणच्या बाजूला केलं आहे, तेव्हा ते बाईंनी बघून यावं, असं ग्रामसभेत ठरलं. बाई म्हणजे मी. सभेला बसलेल्या निम्म्या लोकांना मी तिसरी-चौथीत शिकवलं आहे. "बाई, तुम्ही म्हणाल तिथं सही करतो," असं म्हणून सगळे चहाला उठले आणि कोऱ्या संमतीपत्रांचा गठ्ठा माझ्या पिशवीत आला. संशय हा माझा जुना आजार. पोट दुखतंय म्हणणाऱ्या पोराचं खरंच दुखतंय का, हे बत्तीस वर्षं ओळखत आलेल्या बाईला दुसरं काय येणार? तो आजार बरोबर घेऊनच मी गाडीत बसले.

सोमवार, पिंपळे गुरव

माझे धाकटे दीर प्रकाश आणि जाऊ सुनंदा पिंपळे गुरवला तिसऱ्या मजल्यावर राहतात. प्रकाश भोसरीत एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनवतो. सुनंदा घरी शिवणकाम करते आणि बोलते. दोन्ही कामं तिला एकाच वेळी जमतात.

इथे नळाला एक दिवसाआड पाणी येतं. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, तिची पायरी, तिच्यातलं कासव. इथे पाणी म्हणजे वेळ. मी सुनंदाला विचारलं, हे पाणी वापरून झाल्यावर पुढे कुठे जातं? अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न विचारल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं. "ताई, आलं का, एवढंच आम्ही विचारतो," ती म्हणाली, "गेलं कुठं ते कशाला विचारायचं?" मला वाटतं शहराचं सगळं तत्त्वज्ञान तिने त्यात सांगून टाकलं. पण ते गेलेलं पाणी जर माझ्या विहिरीवर येणार असेल, तर मला विचारणं भाग होतं.

प्रकाश संध्याकाळी आला आणि म्हणाला, वहिनी, गुरुवारपर्यंत थांबा, त्या दिवशी मी मोकळा आहे, संस्थेच्या माणसांशिवायही एकदा जाऊन बघू. इथे बहुतेक कारखान्यांची आठवड्याची सुट्टी गुरुवारी. रविवारी भोंगा, गुरुवारी झोप. मला गंमत वाटली. आमच्याकडे गुरुवार म्हणजे उपास आणि फुटाणे-गूळ, इथे गुरुवार म्हणजे मटण आणि उशिरा उठणं. त्या फरकाचा पुढे इतका उपयोग होईल असं मात्र तेव्हा वाटलं नव्हतं.

मंगळवार, चाकणच्या पलीकडे

संस्थेचे साहेब सकाळी आठला गाडी घेऊन दारात. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं साखरेत घोळलेलं. भेट मंगळवारीच का, असं मी गाडीत बसताच विचारलं. पाहुण्यांचा वार मंगळवारच ठरलेला आहे, सगळी व्यवस्था त्या दिवशी सोयीची पडते, असं ते म्हणाले. शाळेत इन्स्पेक्टर यायचे तो वारही आधी ठरलेला असायचा. त्या दिवशी आमच्या वर्गातही सगळी व्यवस्था सोयीची असायची. मी ते मनात टिपून ठेवलं.

आधी शुद्धीकरण केंद्र पाहिलं. पहिल्या टाकीत चहाच्या चोथ्याच्या रंगाचं, वास मारणारं पाणी. दुसरीत हवा सोडून ते खदखदवलेलं. मग गाळ खाली बसतो ती टाकी, मग वाळूची गाळणी, आणि शेवटी नळातून पडणारं पाणी, पारदर्शक. आजूबाजूच्या वसाहतींचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी एकाच नाल्याने इथे येतं. वाकून वास घेतला. वास नव्हता. संशयी माणसाला याचाही राग येतो, तसा मला आला.

ऑफिसात भिंतीवर एक तक्ता होता. कोणत्या दिवशी शेतकऱ्यांनी किती पाणी घेतलं, त्याच्या उभ्या पट्ट्या. सहा पट्ट्या उंच आणि गुरुवारची जागा रिकामी. बोट ठेवून विचारलं तर साहेबांनी चक्क हात जोडले. इथली माणसं फार भाविक आहेत म्हणाले. गुरुवार पाळतात, त्या दिवशी शेताला पाणी सोडत नाहीत. संस्था त्यांच्या भावनांचा आदर करते, अहवालातही तसं लिहिलंय. मी स्वतः गुरुवार करते, पण गुरुवारी झाडांनाही उपास असतो हे मला नवीन होतं. असेल बाबा एखादा स्थानिक रिवाज, म्हणून मी बोट मागे घेतलं.

तिथून त्या जमिनीवर गेलो. ही मुरमाची खाण होती, असं सांगितल्याशिवाय कळलं नसतं. उतारावर ताग गाडून केलेली काळपट माती, कडेने करंज आणि बांबू, मध्ये पुरुषभर उंच हत्तीगवत आणि झेंडूचे पिवळेजर्द पट्टे. पलीकडे कारखान्यांची पत्र्याची छपरं आणि कंटेनरची रांग. मला आमचा उघडा माळ आठवला आणि खरं सांगते, हेवा वाटला.

जमीन सहा-सात घरांची. त्यातल्या एका शेताच्या मालकीणबाई तिथे होत्या, हौसाबाई. माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठ्या, कमरेला चावी, हातात विळा. साहेब सांगत होते त्यावर त्या फक्त "व्हय" म्हणत होत्या. मी त्यांना काही विचारलं नाही. शेतकऱ्याला विचारून काही कळत नाही, त्याचा घरचा वाफा बघावा लागतो. आमच्याकडे द्राक्षांवर टाकीच्या टाकी फवारणारे बागायतदार आपल्या पोरांसाठी परसात एक वेल बिनफवाऱ्याची ठेवतात. माझ्याही परसात घरच्यासाठी वेगळी मेथी असते, मग दुसऱ्यांना काय नावं ठेवायची. म्हणून लघवीला जायचं निमित्त करून मी हौसाबाईंच्या घरामागे गेले.

वाफा होता. वांगी, दोडका, घेवडा. आणि त्याला पाणी त्याच पाइपाचं. नळीवरून बोट फिरवत मी वर व्हॉल्वपर्यंत जाऊन खात्री केली. कच्ची खायची कोथिंबीर तेवढी दारातल्या कुंडीत, हापशाच्या पाण्यावर. म्हणजे बाई विचार करून वागणारी होती, आणि तरीही तिच्या घरची वांगी याच पाण्याची होती. माझ्या संशयाच्या पायाखालची जमीन सरकली.

निघताना बाटलीभर पाणी मागितलं. साहेबांनी आनंदाने दिलं, वर आणखी एक बाटली हवी का विचारलं.

बुधवार, पुन्हा पिंपळे गुरव

प्रयोगशाळेत काय काय तपासतात ते माझ्या आवाक्याबाहेरचं. पण बी रुजतं की नाही हे मला कळतं. मंगळवारी चाकणहून परतल्याबरोबर मी सुनंदाकडून दोन वाट्या मटकी घेतली. एक नळाच्या पाण्यात भिजत घातली, एक बाटलीतल्या पाण्यात. झोपताना दोन फडक्यांत बांधली, ओळखू यावं म्हणून बाटलीवालीला लाल दोरा, आणि ओट्यावरच्या खिळ्याला टांगली. फडकी शिंपडायचीही ज्या त्या पाण्याने. बुधवारी सकाळी दोन्हीकडे मोड डोकावत होते. संध्याकाळपर्यंत लांबी मोजायची म्हणून मी पट्टीही काढून ठेवली.

दुपारी पाय मोकळे करायला बाहेर पडले. रस्त्याच्या दुभाजकातल्या झाडांना टँकरने पाणी घालत होते. टँकरवर लिहिलेलं, प्रक्रिया केलेले पाणी, पिण्यास योग्य नाही. ड्रायव्हर लातूरकडचा. त्याने त्याच नळीने तोंड धुतलं आणि प्यायला सीटखालची बाटली काढली. यावरून काय समजायचं ते मला ठरवता आलं नाही. भाजीवालीकडे मेथी घेताना मी ही कुठल्या पाण्याची असं विचारलं, तर ती म्हणाली, ताई, पाण्याचीच आहे.

घरी आले तर उसळीचा वास. सुनंदाने कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून अशी झणझणीत उसळ केली होती की मी दोनदा वाढून घेतली आणि तोंडभर कौतुक केलं. ती खुशीत म्हणाली, "मटकी तुमचीच की ताई, मी फक्त फोडणी दिली." दोरीवर दोन फडकी धुऊन वाळत होती. लाल दोरा तिने जपून माझ्या उशाशी ठेवला होता.

मोडांची लांबी मोजायची राहिली ती राहिलीच. मी हात धुऊन बाल्कनीत बसले आणि पोटाकडे लक्ष देत राहिले. पोटाला काही झालं नाही. पाणी चांगलंच दिसतंय, असं मी त्या संध्याकाळी जवळजवळ ठरवून टाकलं. गुरुवारी फक्त हौसाबाईंचा निरोप घेऊन यावा, वाटल्यास रोपांची चौकशी करावी, एवढाच बेत राहिला.

गुरुवार, साहेबांशिवाय

प्रकाशच्या मोटरसायकलवर मागे बसून मोशीवरून चाकण गाठेपर्यंत माझी कंबर आणि केस दोन्ही जागेवर राहिले नाहीत. एरवी ट्रकांनी तुंबणारा चाकणचा चौकही त्या दिवशी सैल होता.

हौसाबाई झोपडीच्या सावलीत जेवत होत्या. मी पिशवीतून फुटाणे-गूळ काढून त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, मलाही गुरुवार आहे. तुम्ही कुठल्या महाराजांचा करता? त्या घास तोंडात तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. तेवढ्यात मला वास आला. भाकरीवर सुक्या बोंबलाची चटणी होती.

गुरुवार पाळणारी बाई बोंबील खात होती. बत्तीस वर्षांचा आजार एका क्षणात परत आला. मी व्हॉल्वकडे पाहिलं. व्हॉल्व बंद, त्याला साखळी, साखळीला कुलूप. भर उन्हात झेंडू माना टाकून उभा. मी विचारलं, हौसाबाई, हा गुरुवार देवाचा नाही ना?

त्यांनी आधी प्रकाशकडे पाहिलं. हा माझा दीर, संस्थेचा नाही, असं मी सांगितलं. मग त्यांनी हात धुतले, कमरेची चावी काढली, कुलूप उघडलं आणि एका पत्र्याच्या डब्यात थोडं पाणी सोडलं. मंगळवारी ज्या पाइपातून स्वच्छ पाणी पडत होतं, त्यातूनच आता साबणासारखा फेस आला. खाली करडं पाणी. जुन्या खिळ्यांचा डबा उघडल्यावर येतो तसा वास, आणि त्याच्यामागे घशाला टोचणारं काहीतरी.

त्यांनी सांगितलं ते असं. पहिल्या वर्षी झेंडूची एक ओळ करपली, मग दुसरी. पाणी रोज तेच, मग मधेच काय होतं? शेवटी त्यांनी आणि शेजारणींनी वार धरून पाहिलं, तेव्हा सापडलं. गुरुवारी सकाळपासून शुक्रवारी पहाटेपर्यंत पाणी बिघडतं. सुट्टीच्या दिवशी कुठेतरी काहीतरी धुतलं जातं आणि नाल्यात सोडलं जातं. कोण सोडतं ते कुणालाच माहीत नाही, एवढ्या कारखान्यांत कुणाचं नाव घ्यायचं? त्यांनी ऑफिसात सांगितलं. माणसं आली, बाटल्या भरून घेऊन गेली, पाणी उत्तम असल्याचा कागद आला. बाटल्या मंगळवारी भरल्या होत्या. पुन्हा सांगितलं, पुन्हा आली, तेव्हा सोमवार होता.

"मग न्हाई सांगितलं," हौसाबाई म्हणाल्या. "आमी बेस्तरवार पाळतो म्हणालो. पान्याचं कारण सांगितलं तर कागद मागत्यात. देवाचं सांगितलं की हात जोडत्यात."

माझी मटकी मंगळवारची होती, हे मला तेव्हा आठवलं. मीही साहेबांच्याच वारी बाटली भरून आणली होती आणि स्वतःला मोठी हुशार समजत होते. फार ओशाळल्यासारखं झालं.

प्रकाश इतका वेळ डब्यातल्या पाण्याकडे बघत होता. मग हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, आमच्याकडेपण टाक्या गुरुवारीच धुतात. मीपण ओव्हरटाइमला धुतल्यात." त्यांच्या कारखान्याचं पाणी आधी आवारातल्या टाकीत जातं, पुढे काय होतं ते त्याने कधी पाहिलेलं नाही. एवढ्या वर्षांत ते विचारायचं डोक्यातच आलं नाही, असं तो म्हणाला. त्याला दोष द्यायला माझी जीभ उचलली नाही. त्याच्या ओव्हरटाइमवर आमच्या पुतणीचं शिक्षण झालं आहे.

मी हौसाबाईंना म्हटलं, हे साहेबांच्या तोंडावर सांगायला हवं, मी सांगते. त्या एकदम कठोर झाल्या. सांगितलं तर ते आधी पाइप बंद करतील, मग चौकशी करतील, आणि चौकशी संपेपर्यंत जमीन पुन्हा खडक होईल. "हितं कुसळ उगवत नव्हतं, बाई," त्या म्हणाल्या. "साहा दिवसाचं पानी सोन्यावानी हाय. एक दिवस आमी संबाळतो." मग व्हॉल्वला कुलूप घालत त्यांनी मला सांगितलं, की सुरुवातीला चावी संस्थेच्या माणसाकडे असायची. देवाचं निमित्त सांगून त्यांनी आधी ती चावी मागून घेतली. पाणी कधी सोडायचं ते मग त्यांच्या हातात आलं.

डब्यातलं पाणी त्यांनी शेतात टाकलं नाही. दूर, खडकाच्या एका कपारीत नेऊन ओतलं. त्या कपारीच्या खाली कुणाची विहीर आहे का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं परतीच्या वाटेवर सारखं वाटत राहिलं.

घरी

ग्रामसभेत मी बोंबलासकट सगळं सांगितलं. लोक आधी हसले, मग आपसात बोलायला लागले. शेवटी माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने उभं राहून विचारलं, "पण बाई, पाणी चांगलं का वाईट?" त्याला शाळेतही एका शब्दाचं उत्तर लागायचं. मी म्हटलं, मंगळवारी चांगलं. मग दोन तास चर्चा झाली. माळ तसाच ओसाड ठेवावा असं कुणालाच वाटत नव्हतं, मलाही नाही. हौसाबाईंचा पिवळा पट्टा मी डोळ्यांनी पाहिला होता. शेवटी प्रत्येक संमतीपत्रावर खाली मी माझ्या अक्षरात एक ओळ लिहिली: व्हॉल्वची चावी गावाकडे राहील. त्यातल्या एकाची प्रत संस्थेला पाठवली. सह्या मात्र अजून घेतलेल्या नाहीत.

हे लिहिण्याआधी हौसाबाईंना फोन केला होता. लिवा, पन नाव नगा लिवू, असं त्या म्हणाल्या. म्हणून त्यांचं नाव इथे बदललं आहे आणि जागेच्या खुणाही.

गेल्या आठवड्यात साहेबांचा फोन आला. आवाज तसाच साखरेतला. ती चावीची ओळ नियमात बसत नाही, ती काढून टाका म्हणाले.  मग विषय बदलावा तसं म्हणाले, की ते आमच्या गावाची माहिती भरत आहेत आणि स्थानिक प्रथांचा रकाना तेवढा राहिला आहे. "मॅडम, तुमच्याकडे कोणता वार पाळतात?"

"तो अजून कळायचाय," मी म्हटलं. "पाणी आलं की कळेल. म्हणून तर चावी मागतोय."

 मग वरिष्ठांशी बोलून सांगतो म्हणाले आणि फोन ठेवला. बिनसहीचे कागद माझ्या कपाटात आहेत. परत आल्यापासून विहिरीतून पहिली कळशी वर आली की मी आधी तिचा वास घेते, आणि आज वार कोणता ते बघते.